अंगणातील काठी आणि आपले स्वतःचे आकडे

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की बाजारात तयार प्रतिकृतींची रेलचेल होते. थर्मोकोलचा ज्वालामुखी विकत आणायचा, त्याची माहिती पाठ करायची आणि परीक्षक समोर आले, की ती घडाघडा म्हणून दाखवायची. ज्या शाळेत हेही परवडत नाही तेथे ऐकू येते, ‘आमच्याकडे साधनेच नाहीत, मग प्रयोग कसले करणार?’ माझ्या मते या दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. विज्ञान म्हणजे वस्तू, असे आपण धरून चालतो. खरे तर विज्ञानाची सुरुवात मोजण्यापासून होते आणि मोजायला घरचे सारवलेले अंगण पुरेसे असते.

एक बांबू घ्या. तो अंगणात घट्ट रोवा. त्याच्या वरच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बांधा आणि पुठ्ठ्याला ३-४ मिलिमीटरचे छिद्र पाडा. छिद्रातून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. नट जमिनीला जेथे टेकेल तेथे खूण करा. छिद्राची उंची बरोबर १ मीटर ठेवा. पुठ्ठ्याच्या सावलीत उन्हाचा एक लहानसा गोल कवडसा दिसेल. तो सूर्याचीच प्रतिमा आहे. बांबूच्या टोकाची सावली पुसट असते, तिची कड नक्की सापडत नाही. कवडशाचा मध्य मात्र चांगला सापडतो आणि बांबू थोडा कलला असला तरी बिघडत नाही. जमीन सपाट आहे की नाही, हे गवंड्याच्या पाणसळीने पाहून घ्या. एक काळजी मात्र घ्या. छिद्रातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

आता ओळंब्याची खूण हा मध्य धरून एक वर्तुळ काढा. सकाळी कवडसा वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा जेथे स्पर्श करील तेथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम आणि तिला मध्यातून काढलेला लंब दक्षिणोत्तर. ही रीत फार जुनी आहे, कात्यायन शुल्बसूत्रात ती दिलेली आहे. आपले ज्योतिषी अशा काठीला शंकू म्हणत आणि तिचे १२ अंगुले भाग पाडीत. विषुवदिनी मध्यान्ही पडणाऱ्या तिच्या सावलीला ‘पलभा’ हे नाव आहे. गोंदियाची पलभा सुमारे ४.७ अंगुले येते.

कवडसा दक्षिणोत्तर रेषेवर आला, की मध्यान्ह झाली. त्या क्षणी घड्याळ पाहा. बारा वाजलेले असतील, अशी अपेक्षा असते; पण तसे क्वचितच घडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. गोंदिया ८०.२ अंशांच्या जवळ असल्याने येथील मध्यान्ह सरासरीने ९ मिनिटे उशिरा होते. शिवाय पृथ्वीचा अक्ष कललेला आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे सरकते. फेब्रुवारीच्या मध्यास ती १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी ११ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास येते. हा अर्ध्या तासाचा फरक तुमच्या अंगणातल्या रेषेवर तुम्हाला प्रत्यक्ष दिसतो.

सावलीच्या लांबीतही अशाच गमती आहेत. २२ डिसेंबरला गोंदियात १ मीटर उंचीची मध्यान्ह सावली जवळजवळ १ मीटरच भरते. २८ मेच्या सुमारास ती नाहीशी होते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगावला हेच तीन-चार दिवस आधी घडते. त्यानंतर सुमारे १५ जुलैपर्यंत मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. पावसाळा लागला, धानाची रोवणी सुरू झाली, की ढगांमुळे ती दिसणे कठीण. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी संपण्याआधीच पाहून ठेवा.

आता कुणी म्हणेल, ‘अक्षांश, रेखांश, मध्यान्ह, सगळे मोबाइलवर एका क्षणात मिळते. मग उन्हात बसायचे कशाला?’ प्रश्न रास्त आहे. मोबाइल आपल्याला उत्तर देतो. पण ते उत्तर कोठून आले आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे तो शिकवत नाही. एक उदाहरण देतो. जबलपूर हे गोंदियाच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. दोन गावांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर सुमारे १९० किलोमीटर भरते. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजली आणि त्यावरून कोन काढले, तर त्यांत सुमारे १.७ अंशांचा फरक येईल. १९० ला ३६० ने गुणून १.७ ने भागा. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास मिळतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हीच रीत वापरली होती.

परंतु खरा धडा पुढेच आहे. विषुवदिनाच्या सुमारास सावली मोजताना २ मिलिमीटरची चूक झाली, तर कोनात सुमारे ०.१ अंशाची चूक होते आणि परीघ अडीच हजार किलोमीटरपर्यंत इकडेतिकडे जातो. दोन मिलिमीटर म्हणजे केवढे, हे ज्याने हा हिशोब केला त्याला आयुष्यभर कळते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मला वर्षानुवर्षे याच्या उलट दिसते. गुरुत्वत्वरणाचे पुस्तकी मूल्य आधी पाहायचे आणि त्याला जुळतील अशी रीडिंगे जर्नलमध्ये भरायची. हे विद्यार्थी लबाड नसतात. चुकलेल्या आकड्याला गुण मिळत नाहीत, हे त्यांना शाळेपासून पढवलेले असते. डॉक्टर, अभियंता, तलाठी कोणीही व्हा. न मोजता आकडा लिहिण्याची सवय लागली, तर तिचे परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात.

हे बदलता येते. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे आणि स्वतःच्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढायचे, हे त्याचे सूत्र होते. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी केली.

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या प्रदर्शनात एक टेबल वह्यांसाठी राखून ठेवा. वहीत तारीख, वेळ, सावलीची लांबी आणि आकाश कसे होते, एवढेच असावे. ढगामुळे चुकलेला दिवस ‘ढगाळ’ म्हणूनच लिहिलेला असावा. खाडाखोड असली तर तिचे गुण कापू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही प्रदर्शनाची वाट पाहू नका. बांबू, पुठ्ठा, दोरा आणि नट आज संध्याकाळी गोळा करा. उद्या सकाळी पहिली खूण करा. तुमची मध्यान्ह वर दिलेल्या वेळेशी जुळली नाही, तर आधी तुमची रेषा तपासा. मग वाटल्यास माझे आकडेही तपासा.