भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ : पाऊणशे वर्षांपूर्वीचा विक्रम आजही का मोडत नाही आणि तो मोडावा असं का वाटत नाही?

जानेवारी २०२३. आसामविरुद्ध गुवाहाटीत मुंबईचा पृथ्वी शॉ ३७९ धावांवर बाद झाला आणि एक जुना आकडा पुन्हा वाचला. ४४३ नाबाद. रणजी करंडकातली ही आजवरची सर्वोच्च धावसंख्या आहे आणि ती केली होती कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी.

नेमकं काय घडलं होतं?

डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना. निंबाळकर ४४३ वर खेळत होते, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. तेव्हा जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या. पण खेळ थांबलेला असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकर पुन्हा मैदानात उतरलेच नाहीत.

पुढे ते भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. आकडा मात्र तिथेच आहे.

मग तो मोडत का नाही?

खरं सांगायचं तर कारण फक्त फलंदाजीत नाही. रणजीचे साखळी सामने ४ दिवसांचे असतात. जिंकायचं तर समोरच्या संघाला दोनदा बाद करायला वेळ हवा, म्हणून कर्णधार डाव घोषित करतो. एकाच फलंदाजाला ४४३ पर्यंत जायला वेळ मिळणंच अवघड.

तरी चाहते इतके हळवे का?

अमेरिकेतही हेच दिसतं. बेसबॉलमध्ये जो डिमॅजिओने १९४१ साली सलग ५६ सामन्यांत हिट मारली. तो विक्रम आजही टिकून आहे. क्रिकेट आणि बेसबॉल, दोन्ही आकड्यांत जगणारे खेळ. बॅट, मैदान, नियम बदलले तरी धाव ही धावच राहते. त्यामुळे ज्याला आपण कधी पाहिलं नाही, त्याला आजच्या खेळाडूशेजारी उभं करता येतं. आजोबा आणि नातू एकाच आकड्यावर भांडू शकतात.

निंबाळकरांच्या बाबतीत त्यात हळहळही आहे. लारा १९९४ मध्ये ५०१ वर नाबाद राहिला, तो विक्रम पूर्ण वाटतो. ४४३ अर्धवट वाटतो. 'अजून अर्धा तास मिळाला असता तर?' हा प्रश्न प्रत्येक पिढी नव्याने विचारते.

आपल्यासाठी यात काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीसारख्या गावात टेनिस बॉलच्या स्पर्धेत कुणी तुफान खेळून जातो. चार दिवस चर्चा होते, मग स्कोअरची वही रद्दीत जाते. पाच वर्षांनी त्याच्या धावा किती होत्या यावरच वाद. पुण्यातला तो डाव आपल्यापर्यंत आला, कारण कुणीतरी प्रत्येक धाव लिहून ठेवली. तुमच्या गावच्या पुढच्या स्पर्धेत निदान स्कोअरच्या पानाचा फोटो काढून ठेवा.