पडद्याची साल
जुन्या एलसीडी पडद्यावर डाग पडले आणि जवळ नेताच व्हिनेगरसारखा वास आला, तर समजावं की पोलरायझर फिल्म सडते आहे. दमटपणाने तिचा ॲसिटेटचा थर फुटून ॲसिटिक आम्ल सुटतं. एवढ्यासाठी अख्खा पॅनल भंगारात टाकणं मला पटत नाही. फिल्म निघते, फक्त घाई नको. काच फार पातळ असते, म्हणून पॅनल सपाट टेबलावर मऊ कापडावर ठेवावा, डोळ्यांवर गॉगल हवाच. कडेच्या नाजूक रिबन केबलपासून दूरचा कोपरा निवडावा, पातं जवळजवळ आडवं धरून फिल्म उचलावी आणि वर न खेचता मागे दुमडून काचेलगत सावकाश ओढावी. वर खेचली की काच वाकते, आणि तडकली की संपलंच. उरलेला चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने मऊ करावा. अल्कोहोल ओतू नये, कडेतून आत शिरतं. ॲसिटोन तर नकोच. आता पडदा चालू केला तर नुसता पांढरा उजेड दिसेल. घाबरू नये, चित्र तिथेच आहे, फक्त पोलरायझरशिवाय ते डोळ्यांना दिसत नाही. नवी फिल्म त्यावर धरून फिरवून बघावी: नव्वद अंश चुकली तर काळ्याचं पांढरं दिसतं. कोन जुळल्यावरच चिकटवावी.