'बसत होता' आणि 'बसला होता' : इंग्रजी अपूर्ण भूतकाळाच्या अध्यापनाविषयी

इंग्रजीतील अपूर्ण भूतकाळ मराठी विद्यार्थ्यास सर्व काळांत सोपा वाटतो. 'तो वाचत होता' याचे 'ही वॉज रीडिंग' हे भाषांतर शब्दास शब्द जुळणारे आहे. 'वाचत'च्या जागी 'रीडिंग', 'होता'च्या जागी 'वॉज'. रूपसिद्धीचा भाग एका तासात आटोपतो. प्रथम व तृतीय पुरुषाच्या एकवचनास 'वॉज', उरलेल्यांस 'वेअर', आणि त्यापुढे क्रियापदाचे 'इंग'-प्रत्ययान्त रूप. 'राइट'च्या अंती असलेला अनुच्चारित स्वर लेखनात गळतो, 'रन'च्या अंत्य व्यंजनाचे द्वित्व होते. नकारात 'वॉज'पुढे 'नॉट' येतो, प्रश्नात 'वॉज' कर्त्याच्या आधी जातो. शालेय पुस्तके या भागावर पानेच्या पाने खर्च करतात. जेथे खरी अडचण आहे तेथे मात्र एखादी तळटीप देऊन ती मोकळी होतात.

अडचणीचे मूळ काळांच्या तक्त्यात आहे. शालेय मराठी व्याकरणात तीन काळ आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण व रीती असे चार प्रकार मिळून बारा घरे होतात. इंग्रजीच्या प्रचलित तक्त्यातही बाराच घरे आहेत. संख्या जुळली म्हणजे घरेही जुळतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु चौथी ओळ दोहोंकडे निराळी आहे. इंग्रजीत तेथे 'हॅड बीन रीडिंग' यासारखी रूपे बसतात, मराठीत 'वाचत असे' हे रीतीचे रूप. रीतीसाठी इंग्रजीच्या तक्त्यात स्वतंत्र घर नाही. ते काम साधा भूतकाळ, 'यूज्ड टू' आणि 'वुड' यांनी वाटून घेतले आहे. त्यात आजच्या मराठीत 'वाचत असे' हे रूप बव्हंशी ग्रंथांपुरते उरले असून बोलण्यात त्याची जागा 'वाचायचा' आणि 'वाचत होता' यांनी घेतली आहे. म्हणजे ज्या रूपास शाळेत 'अपूर्ण' हे एकच नाव दिले जाते, ते व्यवहारात दोन संसार सांभाळीत असते. 'लहानपणी तो रोज नदीवर पोहायला जात होता' या निर्दोष मराठी वाक्यातील क्रियापदासाठी इंग्रजीत 'वेंट' किंवा 'यूज्ड टू गो' हवे; 'वॉज गोइंग' तेथे शोभत नाही.

इंग्रजी रूपाचा स्वभाव ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने चौकटीच्या उपमेने समजाविला आहे. 'दाराची घंटा वाजली तेव्हा ती पत्र लिहीत होती' या वाक्यात घंटेचा क्षण मध्यभागी आहे आणि लेखनाची क्रिया त्याच्या मागेपुढे पसरलेली आहे. पत्र पुरे झाले किंवा नाही, याविषयी वाक्य मौन पाळते. येथे 'वॉज रायटिंग'ऐवजी 'रोट' घातल्यास घंटा ऐकून ती पत्र लिहावयास बसली, असा विलक्षण अर्थ निघतो. ही चौकट डोळ्यांपुढे असली की 'क्रिया चालू होती' या पुस्तकी व्याख्येचा तोकडेपणा दिसू लागतो. रोज पोहावयास जाणेही 'चालू'च होते. पण ते कोणत्याही एका क्षणाभोवती उभे नाही.

दुसरा घोटाळा स्थितिवाचक क्रियापदांचा. झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांचे जे चार वर्ग मांडले, त्यांत स्थितीचा वर्ग स्वतंत्र आहे आणि इंग्रजी अपूर्ण रूपाचे त्याच्याशी सहसा जमत नाही. मराठीला असा संकोच नाही. 'मी त्याला ओळखत होतो', 'तिला तसे वाटत होते', 'त्याला गाणे आवडत होते' ही सर्व वाक्ये 'वाचत होता'च्याच साच्यातील. या साच्यावर विश्वास ठेवून विद्यार्थी 'आय वॉज नोइंग हिम' असे लिहितो, आणि भारतीय इंग्रजीची थट्टा करणाऱ्यांना आयते उदाहरण मिळते. या थट्टेत फारसे ज्ञान नाही. विद्यार्थ्याने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळलेला असतो. तो नियम सीमेपलीकडे चालत नाही, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. 'या क्रियापदांस इंग लावू नये' अशी यादी पाठ करविणे हाही उपाय नव्हे. 'हॅड' त्या यादीत असते, तरी 'ही वॉज हॅविंग लंच' हे शुद्ध इंग्रजी आहे.

तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे आणि पुस्तकांत ती क्वचितच आढळते. 'ही वॉज सिटिंग' याचे सहज मराठी 'तो बसला होता' असे होते. 'बसत होता' म्हटल्यास बसण्याची हालचाल चालू होती, किंवा तो वारंवार तेथे बसावयाचा, असा अर्थ होतो. झोपला होता, निजली होती, साडी नेसली होती, टोपी घातली होती या सर्वांच्या रूपास मराठी व्याकरण 'पूर्ण' म्हणते, तरी संदर्भानुसार त्यांचे इंग्रजी बहुधा अपूर्ण भूतकाळात करावे लागते. पूर्णासाठी पूर्ण या न्यायाने विद्यार्थी 'ही हॅड सॅट' लिहितो, आणि बसलेला मनुष्य केव्हाच उठून गेला असावा असे वाचणाऱ्यास वाटते.

हे केवळ परीक्षेतील गुणांपुरते असते तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांत साक्षी मराठीत होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. मराठी कागद तेथे भाषांतरित होऊन जातात. 'आरोपी आमच्या घरी येत होता' या साक्षीचे 'वॉज कमिंग' केले तर तो त्या घटकेस वाटेवर होता. 'यूज्ड टू कम' केले तर त्याचे जाणेयेणे होते. एका वाक्यात आरोपी घटनेच्या वेळी घराच्या रोखाने चाललेला दिसतो, दुसऱ्यात केवळ जुनी ओळख सिद्ध होते. साक्षीदाराला त्यांतले कोणते अभिप्रेत होते, हे मराठी रूप सांगत नाही. ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावे लागते, आणि ठरवावे लागते याचीच जाणीव भाषांतरकारास शाळेने दिलेली नसते.

इंग्रजी शिकविताना मातृभाषा वर्गाबाहेर ठेवावी, असे मानणारा एक पक्ष आहे. मातृभाषा बाहेर राहत नाही. तिचा उल्लेख तेवढा बाहेर राहतो. शिवाय ही अडचण भारतीय भाषांत सर्वत्र सारखी नाही. हिंदीत 'पढ़ रहा था' आणि 'पढ़ता था' ही दोन रूपे वेगळी आहेत. बंगालीत 'पोडछिलो' आणि 'पोडतो' हा भेद तसाच स्पष्ट आहे. चौकट आणि रीती यांतील फरक या विद्यार्थ्यांना घरूनच ठाऊक असतो. मराठी विद्यार्थ्यास तो नव्याने दाखवावा लागतो. सबंध देशासाठी एकच इंग्रजी व्याकरण छापून सर्वत्र वाटण्याची जी प्रथा आहे, तिच्यात ही विविधता मावत नाही. मराठी विद्यार्थ्याच्या पुस्तकात या काळाचा धडा 'वाचत होता'ने सुरू न करता 'येत होता', 'ओळखत होता' आणि 'बसला होता' या तीन वाक्यांनी सुरू करावा आणि रूपसिद्धीचा तक्ता त्यानंतर द्यावा. त्या धड्याचा उपयोग इंग्रजीपुरताच होईल असेही नाही. मराठी कथा हिंदीत नेणाऱ्या अनुवादकासही 'येत होता' या शब्दांपाशी थांबून 'आ रहा था' लिहावे की 'आता था' लिहावे, याचा निर्णय करावाच लागतो.