शिडाची फळी आणि जालना

नातवानं सुट्टीत अंगणात लाकडी सांगाडा मांडलाय. विंडसर्फिंगची फळी करतोय म्हणे! म्हणजे वर उभं राहून, शीड हातात धरून वाऱ्यावर पळवायची फळी. आत प्लायवुडच्या फासळ्या, वरून पातळ पट्ट्या, त्यावर इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कापड. २०१३ च्या दुष्काळात टँकरपुढे रांगा लावणाऱ्या जालन्यात हे चाललंय, म्हणून शेजारी हसतात. सूनबाई म्हणते, "अण्णा, तुम्हीच सांगा त्याला. विकत मिळतं की असलं सगळं."

मी नाही सांगणार.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. तीही लाकूड आणि फायबरग्लासचीच. नौदलाचे दिलीप दोंदे बांधणीच्या काळात तिथेच राबत होते. मग २००९-१० मध्ये त्याच नौकेतून त्यांनी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही हो. तिथे कुठला सांधा कसा बसवलाय हे ठाऊक असलेला माणूसच तरतो.

आणि आम्ही मास्तरांनी काय केलं? कार्यानुभवाचा तास गणिताला दिला. मीही दिला, वर्षानुवर्षं. पोरांचे मार्क वाढले, हात मात्र कोरे राहिले. ती चूक आता दुरुस्त होत नाही.

असो. फळी कदाचित वाकडी होईल. पाणी नंतर शोधू. सध्या मी तिला पॉलिश पेपर मारतोय. त्या धुळीनं खोकला येतो, तेवढं सूनबाईला कळवू नका.