चपट्या नाकाचें कौतुक

गेल्या वैशाखांत एका जुन्या स्नेह्याच्या घरीं जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत पंख्याखालीं त्यांचा पग जातीचा कुत्रा पसरला होता. त्याचें घोरणें ऐकून मुलें हसत होतीं, मीहि हसलों. थोड्या वेळानें ध्यानांत आलें कीं, कुत्रा जागाच आहे. तें घोरणें नव्हतें. श्वासासाठीं चाललेली धडपड होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो देह थंड राखतो. या जातींत तोंडाचें हाड आंखुडलें, परंतु टाळूचें मांस त्या मानानें घटलें नाहीं. तें घशांत दाटतें. नाकपुड्याहि अरुंद. अशा प्राण्याला आपल्याकडील उन्हाळा म्हणजे शिक्षाच होय.

हें व्यंग दैवानें दिलेलें नाहीं. मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या निवड करून घडविलेलें आहे. इंग्लंडांतील बुलडॉगचेंच पाहा. बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ तेथें १८३५ सालीं कायद्यानें बंद झाला. कुत्र्याचें काम संपलें. पुढें प्रदर्शनें आलीं आणि डोकें अधिक मोठें, तोंड अधिक चपटें, अशी निवड होत गेली. आज या जातीच्या बहुतेक माद्यांची प्रसूति शस्त्रक्रियेनें करावी लागते. जिला स्वतःच्या बळावर जन्महि घेतां येत नाहीं, त्या जातीला आपण अभिमानानें ‘शुद्ध’ म्हणतों!

नेदरलंड्समध्यें २०१९ पासून अतिशय आंखुड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आहेत. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं कॅव्हेलियर जातीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरविली. परंतु पैदास करणारा केवळ पुरवठा करतो. मागणी घराघरांतून होते. आपल्याकडे २००३ सालीं एका दूरध्वनि कंपनीच्या जाहिरातींत मुलाच्या मागें चालणारा पग झळकला आणि त्याची मागणी वाढली. त्या मागणींत माझ्या स्नेह्याचें घरहि आलें, आणि माझें हंसूंहि.

“पण आम्ही त्याला जिवापाड जपतों,” असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंहि असेल. तथापि आधीं श्वास आंवळावयाचा आणि मग वारा घालावयाचा, याला भूतदया कसें म्हणावें?

निघतांना वहिनी म्हणाल्या, “भावोजी, यंदां याचीं पिलें व्हावींत असा विचार आहे. एक तुमच्यासाठीं राखून ठेवूं?” क्षणभर संकोच वाटला, ज्यांच्या घरचा चहा घेतला त्यांना दुखवावें कसें? अखेर म्हटलें, “वहिनी, याला पहाटेच्या गारव्यांत फिरवा, लठ्ठ होऊं देऊं नका, डॉक्टरांना त्याचा श्वास दाखवा. पण हा त्रास पुढच्या जिवांना देऊं नका.”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. धाकट्या मुलानें मात्र कुत्र्याजवळ कान नेला, आणि या वेळीं तो हसला नाहीं. त्याला कुत्रें हवेंच असेल, तर आपल्या गल्लींतलें लांब नाकाचें गांवठी पिलूं कोणाची तरी वाट पाहात आहे.