शनिवारची गर्दी गडावर, रात्रीची धावपळ गावावर

अकोले : थंडी पडली की शनिवारी संध्याकाळपासून बारी, पाचनई, रतनवाडीच्या रस्त्याला मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या लागतात. कोणी १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर सूर्योदय बघायला येतं, कोणी हरिश्चंद्रगडावर तंबू टाकून मुक्कामाला. पिठलं-भाकरी, चहा, तंबू, वाटाड्याचं काम यातून गावात चार पैसे येतात. भात निघाल्यावर मजुरीसाठी नारायणगावकडे जावं लागणाऱ्या घरांना हा आधार मोठा आहे.

पण हिशोबाला दुसरी बाजूही आहे. वाट चुकली, पाय मोडला की हाक आधी गावालाच येते. शहरातून बचाव पथक पोचेपर्यंत काही तास जातात. तोवर बॅटरी घेऊन निघणारी पोरं गावचीच. त्यांची मजुरी कोण देणार, त्यांना काही झालं तर विमा कुठला, हे कोणी विचारत नाही.

पावसाळा धोक्याचा, हिवाळा सोपा, हा समजही खरा नाही. दिवस लहान, सहा-साडेसहाला अंधार. वाळलेल्या गवतावर पाय घसरतो, घामाने भिजलेले कपडे रात्री गारठवतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दोर लावून उतरणारे सुमारे २० जण अंधारामुळे कड्यातच अडकले होते. रात्र तिथेच काढल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. शेकोटीची एक ठिणगी उडाली तर वणवा लागतो आणि गुरांचा चारा जातो, तो वेगळाच.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना त्यात नोंदणी सक्तीची आहे. पण चार मित्र आपापली गाडी काढून येतात, तिथे आयोजकच नसतो. ही फट गावालाच बुजवावी लागेल.

ते अवघडही नाही. पायथ्याला एक वही : नावं, फोन, कुठल्या वाटेने जाणार, कधी उतरणार. नेहमीची वाट सोडून जायचं तर गावचा वाटाड्या सोबत हवाच. मुक्कामाचे आणि वाटाड्याचे दर ग्रामसभेत ठरवून फलकावर लावायचे, त्यातला थोडा भाग दोर, स्ट्रेचर आणि पोरांच्या विम्यासाठी बाजूला काढायचा.

पाहुणा आला पाहिजे आणि धड घरी गेला पाहिजे. एक अपघात झाला की गडावर बंदीची मागणी होते, आणि बंदी आली की पहिली चूल गावाची विझते.