"आणि वहिनींना कोण बघतं?"



मागच्या महिन्यात रामबागेत एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेले एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "काय हो, हल्ली तुम्ही सहली काढता म्हणे? सिरपूर काय, जानापाव काय. छान आहे. आणि वहिनींना कोण बघतं?"

प्रश्न हसत विचारला होता. मीही हसलो आणि पुरी मोडली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा प्रश्न मला एकट्यालाच विचारला जात नाही. आमच्या अकरा जणांच्या गटात प्रत्येकाला कुणी ना कुणी तो विचारलेला आहे. म्हणून आज सविस्तर लिहून राहिलो आहे. (पुणेकरांनी या 'लिहून राहिलो'ला हसू नये, आमच्या इंदुरात असंच बोलतात.)

माझ्या पत्नीला 2016 साली पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेली की 'हो' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द येतात, तेही कधी कधी उलटे. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. दोघं चांगली आहेत, फोन रोज असतो, पैशाला कमी नाही. पण रात्री दोनला कूस कोण बदलणार? ते फोनवरून होत नाही.

आपल्या लोकांच्या कॉलन्यांतून फिरा, लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो. दोन-चार घरं सोडून एक घर असं सापडेलच. पासष्टीची सून नव्वदीच्या सासूला सांभाळते आहे. सत्तरीचा नवरा बायकोला उचलतो आहे. मुलं पुणे, बेंगळुरू, अमेरिका. आपल्या आजोबा-पणजोबांनी होळकरांच्या नोकरीसाठी घरदार सोडून इथे बस्तान बसवलं, आता आपली मुलं नोकरीसाठी इथून निघाली. त्यात त्यांचा दोष नाही. पण मागे राहिलेल्यांचं काय, याचा विचार समाज म्हणून आपण केलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी फार जणांना सांगितलेली नाही. 2018 च्या उन्हाळ्यात एका रात्री ती पेज गिळेना. तोंडात धरून ठेवायची आणि बाहेर सोडायची. तिसऱ्यांदा चादर खराब झाली आणि माझ्या हातातली वाटी मी भिंतीवर मारली. तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर देता येत नव्हतं, रडताही नीट येत नव्हतं. भिंतीवरचा डाग मी दुसऱ्या दिवशी पुसला. पण त्या रात्री मला कळलं की मी वाईट माणूस होऊ लागलो आहे. दोन वर्षांत मी औषधाच्या दुकानापलीकडे कुठे गेलो नव्हतो. झोप सलग तीन तास नाही. आणि सगळे मात्र म्हणत होते, "धन्य आहे तुमची!"

फिजिओथेरपीच्या ठिकाणी एक वहिनी भेटायच्या. त्यांच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश. त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी सहाला रालामंडळला चला. दहाच्या आत परत." मी म्हटलं, "आणि हिच्याजवळ?" म्हणाल्या, "माझी मुलगी बसेल. तिला मी सगळं शिकवलं आहे." चर्चा संपली.

रालामंडळ इंदूरकरांना सांगायला नको. शहराच्या कडेची टेकडी, आता अभयारण्य आहे, वर होळकरांची शिकारकोठी. फाल्गुन होता, पळस फुलला होता. मी निम्म्या चढावर धापा टाकत बसलो. खाली सगळं शहर दिसत होतं, त्यात कुठेतरी माझं घर होतं. ते लांबून बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ते घर मला आवडतं. घरात बसून हे दोन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. दहाला परत आलो. त्या दिवशी पेज भरवायला पाऊण तास लागला आणि मला राग आला नाही. एवढाच फरक. पण माझ्यासाठी तो फार मोठा होता.

तिथून आमचा गट सुरू झाला. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. त्या वहिनी म्हणतात, "आपण सांभाळणारे." तेच नाव पडलं. करोनात दोन वर्षं बंद होता, 2022 पासून पुन्हा चालू आहे. वर्षातून सहा-सात फेऱ्या होतात, त्या ऋतू बघून.

थंडीत सिरपूर. सिरपूर आणि यशवंत सागर ही आपली दोन्ही तळी 2022 मध्ये रामसर यादीत गेली, होळकरांच्या काळातल्या पाण्याला जगाने मान दिला. पण आम्ही जातो ते पक्ष्यांसाठी. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका असलेलं बदक आहे, त्याचं मराठी नावच हळदीकुंकू. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी म्हणजे वारकरी. ही नावं कळल्यावर गटातल्या ताया एवढ्या हसल्या! एक ताई म्हणाल्या, "चार वर्षांत हळदीकुंकवाला जायला मिळालं नाही, शेवटी ते असं भेटलं." हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

माघ-फाल्गुनात महूकडच्या एका शेतावर जातो. काळ्या मातीत हरभरा उभा असतो. तो तिथेच भाजून हुळा खायचा, हात काळे करायचे. गोवऱ्यांवर बाफले. पावसाळ्यात जानापाव, जिथून चंबळ निघते. धुक्यात कुंडापर्यंत जाऊन यायचं, बस. दिवाळीनंतर पुन्हा रालामंडळ. उन्हाळ्यात मात्र लांब कुठे नाही, कारण त्या दिवसांत घरचा रुग्णही जपावा लागतो.

आमचा नियम असा की पहिला तास आजाराचं नाव काढायचं नाही. झाड बघा, पाखरू बघा, गप्प बसा. नंतर पोहे-जिलेबी आणि चहा निघतो, आणि मग आपोआप बोललं जातं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण एकट्या माणसाने चादरीच्या आधाराने ती कशी बदलायची, हे मला एका ताईंनी झाडाखाली सतरंजी अंथरून, स्वतः आडव्या होऊन दाखवलं. पाणी पाजताना डोकं मागे टाकायचं नाही, बसवूनच पाजायचं, हेही तिथेच पक्कं झालं. वाटीची गोष्ट मी पहिल्यांदा तिथेच सांगितली. सगळे गप्प. मग एक काका म्हणाले, "मी तर हात उचलला होता." त्यानंतर आणखी दोघी बोलल्या. आम्ही कुणी राक्षस नाही, मंडळी. आम्ही थकलेली माणसं आहोत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लिखाण खोटं होईल.

एका पावसाळ्यात आम्ही पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडीने गेलो. ही गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, मीटर गेजच्या जुन्या मार्गावर. हा मार्ग होण्यासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. बोगदे, खाली दरी, पाऊस, आणि कालाकुंडच्या स्टेशनावर पळसाच्या पानातला कलाकंद. सगळे लहान मुलांसारखे झाले होते. आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

त्याच वेळात इकडे एकांच्या घरी वडिलांनी नाकातली नळी ओढून काढली. बसलेला पुतण्या घाबरला. फोन लागेना. शेवटी शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेऊन नळी पुन्हा घालून आणली. वडिलांना काही झालं नाही. पण संध्याकाळी त्या ताईंच्या घरात जे झालं ते मी पाहिलं आहे. "कलाकंद खायला गेली होती," असं सख्ख्या दिरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. नऊ वर्षं सासऱ्यांचं सगळं करणारी बाई खाली मान घालून उभी होती. दीर वर्षातून दोनदा भेटायला येतात.

तीन महिने आम्ही कुठेही गेलो नाही. मलाही वाटलं, बंद करावं. मुलीनेही फोनवर म्हटलं, "बाबा, गरज आहे का?"

मग विचार केला. चूक झाली होती, पण ती कुठे झाली होती? ताई बाहेर गेल्या ही चूक नव्हती. नऊ वर्षांत त्यांच्याशिवाय घरात दुसऱ्या कुणालाही नळीचं काही येत नव्हतं, ही चूक होती. नळी तर त्या अंघोळीला गेल्या असताही निघाली असती. त्या स्वतः आजारी पडल्या असत्या तर?

म्हणून आम्ही फेऱ्या बंद केल्या नाहीत, नियम केले. घरी बसणाऱ्याने आधी दोन वेळा येऊन सगळं बघून जायचं. उशाशी एक वही, त्यात औषधं, वेळा आणि "असं झालं तर हे करा". तीन फोन नंबर, त्यातला एक शेजारचा. नळी असलेल्या रुग्णाजवळ दोघं जण. रेंज नाही तिथे जाणार असू तर आधी सांगायचं, आणि त्या दिवशी गटातला एक जण शहरातच थांबायचा. तेव्हापासून एकदाही गडबड झाली नाही.

आता माझं मत. आपण 'सेवा' या शब्दाला फार मोठं करून ठेवलं आहे. सेवा करणाऱ्याला आपण नमस्कार करतो, पण त्याला अर्धा दिवस देत नाही. त्यातही बघा, मी पुरुष आहे म्हणून माझं कौतुक होतं. "बायकोचं इतकं करतो!" ज्या वहिनींनी मला बाहेर काढलं, त्यांचं कुणी कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही, कारण ते त्यांचं कर्तव्य. आणि त्या सहलीला गेल्या तर कर्तव्यात कसूर. हे बरोबर नाही. आणि कौतुक वाट्याला आलेल्या माणसाने हे म्हणायला हवं, म्हणून मी म्हणतो आहे.

आपली मंडळं गणपती दहा दिवस उत्तम करतात, कोजागिरी करतात, नाटकं आणतात. आरतीला पन्नास तरुण मुलं-मुली जमतात. त्यातल्या दहा जणांनी महिन्यातून एक सकाळ, चार तास, एखाद्या घरी रुग्णाजवळ बसायचं ठरवलं तर? पैसे नकोत, हॉल नको. आमच्यातले लोक शिकवतील. बाहेरगावी असलेल्या मुलांनाही सांगणं आहे. सुट्टीत याल तेव्हा घर भरून टाकू नका, एक पूर्ण दिवस तुम्ही सांभाळा आणि सांभाळणाऱ्याला बाहेर पाठवा. तो नको म्हणेल. तरी पाठवा.

मुंजीतल्या त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहिलं. वहिनींना कोण बघतं? त्या दिवशी एका मित्राचा नातू बघतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो तिला मोबाइलवर जुनी नाट्यगीतं लावून देतो. मी परत आलो आणि विचारलं, "कंटाळलीस का?" तर 'हो' म्हणते. तिचे शब्द उलटे पडतात, म्हणून नक्की कळत नाही. पण ती माझ्या हाताचा वास घेते. हुळ्याचा दिवस असेल तर बराच वेळ घेते.

पुढची फेरी फाल्गुनात, पळस फुलला की, रालामंडळ. सकाळी सहा ते दहा. अकरा जण येणार आहेत, त्यातल्या चार घरी बसायला अजून माणूस मिळालेला नाही. जमेल त्यांनी कळवावं.